नाव सांगा, काम सांगा

डोमाजींनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला, पण हातात दिला नाही. कुठलीही वस्तू ते कोणाच्या हातात सहजासहजी देत नाहीत.

"प्रफुल्लभाऊ, याच्यात कोनीतरी शिरून गेलं," ते म्हणाले.

"फोनमध्ये?"

"चार्जिंगले लावला तवा बरोबर होता. सकाळी उठून पाहतो तं सारं इकडचं तिकडं. फोन लावाचं बटन बदललं, घड्याळाचे आकडे जाडे झाले, मेसेजचे दोन ढीग करून ठेवले. मी कोनाले सांगतलं होतं का?"

फोनचं अपडेट झालं असेल, असं मी म्हणालो. कंपनी अधूनमधून नवीन सोयी देते, त्या आपोआप येतात. माझं हे बोलणं ऐकून त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू अपडेट मीच केलं असावं. त्यांचं माझ्याबद्दलचं मत मला ठाऊक आहे. मी विमा एजंट आहे. दहा वर्षं शेजारी राहूनही त्यांनी माझ्याकडून एक पॉलिसी घेतलेली नाही, आणि मी साधा चहाला गेलो तरी फाटकाची कडी काढण्याआधी ते विचारतात, "काय काम होतं?"

हा स्वभाव नोकरीनं दिला की स्वभाव पाहूनच नोकरी मिळाली, हे सांगणं कठीण आहे. जवाहरनगरच्या कारखान्याच्या गेटवर डोमाजींची उभी हयात गेली. आत बारुदाचं काम, त्यामुळे बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याची झडती. नाव काय, कोणाला भेटायचं, काम काय. पिशवी उघडा, खिसे दाखवा. निवृत्त होऊन घरी आले, पण गेट काही त्यांच्यातून गेलं नाही. सिलिंडर आला की सील तपासणार, दूधवाल्याचं माप पाहणार, पाहुण्याच्या हातातल्या पिशवीकडे आधी आणि पाहुण्याकडे मागून पाहणार. त्यांची बायको मंगलाबाई तर सरळ म्हणते, "लगनाच्या आधी पाहाले आले तं मले चारदा नाव इचारलं. घरच्यायले वाटलं पोराले ऐकू कमी येते."

तर त्या सकाळी डोमाजींनी फोनची झडती घेतली. ओट्यावर चष्मा लावून बसले आणि एकेक खूण दाबून आत काय आहे ते पाहू लागले. कोपऱ्यात कधी हिरवा ठिपका लागतो तो काहून लागतो, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली तर चालेल का, असं मला विचारत होते. मी सांगितलेल्या एकाही उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी फोटोंची खूण दाबली आणि फोनमधून एकदम संगीत सुरू झालं. ‘तुमच्या आठवणी’ असं काहीतरी नाव देऊन फोननं स्वतःच फोटोंची माळ लावली होती. लेक तृप्तीचा पदवीचा काळा झगा, मंगलाबाई बोधगयेला, नव्या घराचा गृहप्रवेश. आणि मग एक जुना, पिवळा पडलेला फोटो, जो तृप्तीनं कधीतरी भिंतीवरच्या फोटोवरून मोबाईलमध्ये टिपून घेतला होता. गावाकडच्या, नाकाडोंगरीच्या घरासमोर दोन पोरं. मोठा डोमा, त्याच्या खांद्यावर हात टाकून हसणारा धाकटा सुखराम.

डोमाजींनी फोन पालथा घातला आणि उठून आत गेले.

"त्यायचा भाऊ," मंगलाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली. "बोलत नाहीत दोघं."

हे प्रकरण मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. सुखरामच्या लेकीचं, रिताचं लग्न ठरलं होतं. पत्रिका द्यायला तो गावातल्या दोन माणसांना सोबत घेऊन थेट कारखान्याच्या गेटवर आला. घरी येऊ शकला असता. पण माझा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, वर्दीत कसा दिसतो ते पाहा, असं त्याला त्या दोघांना दाखवायचं होतं. पिशवीत लाखोळीची डाळ होती, वरती पत्रिका. तो हसत हसत पुढे गेला. आणि डोमाजींनी, शेजारी साहेब उभा होता म्हणून असेल किंवा नसता तरी तेच केलं असतं म्हणून असेल, ड्युटीच्या हिंदीत विचारलं, "नाम? किससे मिलना है? काम?"

"तुलेच भेटाचं हाये ना बे," सुखराम म्हणाला.

"नाम बताइए."

त्यानं नाव सांगितलं. पिशवी उघडून दाखवली. मग डोमाजींनी त्याच्या खिशात हात घातला आणि बिडीबंडलाबरोबर आगपेटी निघाली. त्या गेटवर आगपेटी निघणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सगळ्यांसमोर बोल लावून ती जप्त झाली. गावातली ती दोन माणसं बघत होती. सुखरामनं पिशवी उचलली आणि पत्रिका न देताच परत गेला. पत्रिका आली नाही म्हणून डोमाजी लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं ते बंदच राहिलं.

"ड्युटी म्हनजे ड्युटी, असं म्हनतात अजून," मंगलाबाई म्हणाली. "पन तो फोटो भिंतीवरून काढू देत नाहीत."

मला त्या क्षणी डोमाजींचा राग आला. माणसानं नियम पाळावा, पण नंतर ड्युटी संपल्यावर एसटीत बसून जाता येत होतं की नाही?

संध्याकाळी तृप्तीनं पुण्याहून फोनवर बापाला नवीन सोयी समजावल्या. त्यातली एकच डोमाजींना पटली, आणि अशी पटली की ते दाखवायला माझ्याकडे स्वतःहून आले. अनोळखी नंबरवरून फोन आला की आता घंटी वाजण्याआधी फोनच समोरच्याला विचारतो. मी बायकोच्या नवीन नंबरवरून लावून पाहिला. गोड आवाजातली बाई म्हणाली, "कृपया अपना नाम और कॉल करने का काम बताइए." मी जे बोललो ते डोमाजींच्या फोनवर अक्षरांत उमटत गेलं. घ्यायचा तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

"हे मात्र कामाचं हाये," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या जागेवर अखेर कोणीतरी लायक माणूस लागला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी ते पुन्हा फाटकात आले. या वेळी चेहरा वेगळा होता. फोन माझ्यासमोर धरला. नवीन नंबर, आणि खाली फोननं उतरवून घेतलेले शब्द: ‘मी सुखराम. नाकाडोंगरीहून. रविवारी रितासंगं रायपूरले चाललो, तिथंच राहाचं आता. घराले कुलूप लागते. जायच्या आधी एकदा भेटलास तं बरं.’

"घेतला ना तुम्ही?" मी विचारलं.

"काहून घेऊ? फसवनारे लोक हायेत हे." त्यांनी आवाज खाली केला. "आता समजलं मले. आधी फोटो काढून पाहिला, भाऊ हाये हे समजलं. गावाचं नाव काढलं. मंग दोन दिवसांनी भाऊ बनून फोन. परवाच मोहल्ल्यातल्या निर्मलाबाईले तिच्या पोराच्या आवाजात फोन आला होता का नाही?"

"अहो, फोटो फोनच्या आत आहे. आणि हा माणूस पैसे कुठं मागतो आहे? भेटायला बोलावतो आहे."

"पहिल्या फोनमधी पैशे मांगत नसतात. तुमी इम्याचे, तुमाले तं हे मालूम पाहिजे."

मी चिडलो. म्हणालो, लावून तर पाहा, आवाज ओळखाल. ते म्हणाले, आवाजाचंच तर खोटं करतात. सुखरामजवळ असा फोन कुठून आला? त्याला तर बटनांचाही वापरता येत नव्हता. या माणसाला काही सांगणं म्हणजे बंद फाटकाशी बोलणं होतं. मंगलाबाईनं मला खुणेनं जा म्हटलं. पण ती त्या दिवशी जेवली नाही, हे माझ्या बायकोनं पाहिलं.

शनिवारी दुपारी मी मोटारसायकल पुसत होतो. मधल्या भिंतीपलीकडे डोमाजी बाजेवर बसले होते, फोन मांडीवर. घंटी न वाजता फोन उजळला. त्यांनी चष्मा वर केला. बाईचा आवाज मलाही ऐकू आला, नाम और काम बताइए.

मी भिंतीवरून वाकलो. अक्षरं थांबत थांबत उमटत होती.

‘डोमा. तूच इचारून राहिला ना हे.’

पुढे काही नाही. डोमाजींचा अंगठा लाल खुणेवर गेला. मग आणखी एक ओळ आली.

‘माह्याजवळ आगपेटी नाही.’

आणि फोन तिकडून कटला.

डोमाजी हलले नाहीत. ती आगपेटी फोनमध्ये कुठंच नव्हती. फोटोत नव्हती, मेसेजमध्ये नव्हती. ज्याच्या खिशातून ती निघाली होती, तोच तिचं नाव काढणार.

त्यांनी त्याच नंबरवर उलटा फोन लावला. एकदा, पुन्हा, पुन्हा. पण तो लागलाच नाही, बंद येत होता. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमी लावून पाहा ना," म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"लावायचं कशाला? चला," मी म्हणालो.

भंडारा मागं पडलं, तुमसर मागं पडलं, डोमाजी मागे बसून एक शब्द बोलले नाहीत. एरवी हेच माणूस गाडीचे कागद आहेत का, हवा पाहिली का, ब्रेक कधी दाबाल, सगळं विचारतं. नाकाडोंगरीच्या अलीकडे रस्त्याला जंगल लागलं तेव्हा ते माझ्या पाठीमागून पुटपुटायला लागले. मला वाटलं मला काही सांगताहेत. पण ते स्वतःशीच म्हणत होते. नाव डोमा. भाऊले भेटाचं हाये. काम काही नाही. भेटाचंच काम हाये. पुन्हा पहिल्यापासून. शाळेत जाणारं पोर कविता पाठ करतं तसं.

मला तेव्हा लक्षात आलं की त्यांना भीती वाटत होती. तिकडून कोणी तेच तीन प्रश्न विचारेल, आणि साहेबाच्या नाही पण भावाच्या समोर खिसे उलटे करावे लागतील, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि ते करायची त्यांची तयारी होती.

घराचं दार उघडंच होतं. ओसरीवर बांधलेली गाठोडी, एक लोखंडी पेटी, उभी करून ठेवलेली बाज. पेटीवर एक वाळलेला म्हातारा बसला होता, हातात न पेटवलेली बिडी. फोन बाजूला पडला होता, चार्जिंग संपलेला असावा. मी गाडीजवळच थांबलो.

डोमाजी अंगणात गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. गेटवर माणसं थांबत तसे. शर्टाच्या वरच्या खिशातून चष्मा काढला, पँटच्या खिशातून रुमाल काढला, दोन्ही हातांवर धरले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"जयभीम," ते म्हणाले. "नाव डोमा. मी..."

सुखराम पेटीवरून उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. दारापर्यंत आला, भावाच्या हातातला चष्मा घेऊन परत त्याच्या खिशात घातला.

"अंदर ये बे," तो म्हणाला. "तुले नाव कोनं इचारलं?"