उपरण्याखालचा सौदा

येसूमामांनी जवळजवळ उभं आयुष्य कुठल्या वस्तूचा भाव तोंडानं विचारला नाही, की तोंडानं सांगितला नाही. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, त्यावर खांद्यावरचं उपरणं टाकायचं आणि आतल्या आत बोटं दाबून व्यवहार उरकायचा, ही बैलबाजारातली रीत. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. आधी हजार, मग शेकडे, असं खाली उतरत यायचं. बाजारात सगळेच असं करतात. मामा मात्र मंडईतल्या भाजीवालीशीही असंच करायला जायचे आणि तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यायचे. कराडला आमच्या घरी आले आणि आईनं विचारलं, दादा, भाकरी किती टाकू, तर हे उत्तरादाखल तिची दोन बोटं दाबायचे. आई वैतागायची, मी काय बैल विकायला बसलेय का म्हणायची आणि तिसरी भाकरी टाकायची.

मामा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. चार एकर कोरडवाहू रान, तीसेक मेंढरं आणि खिलार बैल पारखायची नजर, एवढी त्यांची इस्टेट. कृष्णाकाठचे उसाचे बागायतदार जत्रेत बैल घ्यायला जाताना वाट वाकडी करून त्यांना बरोबर न्यायचे. मामा त्याबद्दल दलाली घेत नसत. एक वेळचं जेवण आणि सौदा जमला तर एक नवं उपरणं, बस. त्यांच्या घरात उतरंडीशेजारच्या फडताळात अशी उपरणी घडी घालून रचलेली होती. मामी म्हणायची, यांच्या सात पिढ्यांनी वापरली तरी सरायची नाहीत.

त्यांची बैल बघायची पद्धत मी एकदा जवळून पाहिली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. जत्रेच्या माळावर मामा एका बैलावर नजर ठेवून सकाळपासून बसले होते. जवळ जात नव्हते, दात बघत नव्हते. बैलाला पाणी कोण पाजतो, मालक त्याच्या अंगावरून हात फिरवतो की नुसता ओढतो, तेवढं लांबून बघत होते. इतक्यात डोक्यावरून एक विमान गेलं, खूप खालून. असला आवाज त्या माळानं कधी ऐकला नव्हता. दावी तुटली, बैल उधळले, बायका पोरांना घेऊन पळाल्या. मी मान वर करून उभा होतो, विमान दिसेनासं झालं तरी उभाच होतो. मामांनी वर बघितलंच नाही. ते बघत होते तो लहान चणीचा बैल तेवढा जागचा हलला नव्हता, नुसते कान टवकारून रवंथ करत होता. मामा उठले आणि त्याच्या मालकाच्या हातावर उपरणं टाकलं. तो बैल त्यांनी स्वतःसाठी घेतला आणि त्याचं नाव हरण्या ठेवलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "तू वर बगत हुतास, मी खाली. घरात दोन्ही लागतं."

त्या वर बघण्यानं माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी मॅट्रिकला असताना वडील गेले. पुढचा माझा भार मामांनी उचलला आणि मी सांगलीच्या कॉलेजात इंटर सायन्स केलं. लढाई संपली होती, प्रवासी विमानांच्या नव्या कंपन्या निघत होत्या आणि त्यांना वैमानिक हवेत असं वर्तमानपत्रात यायचं. सुट्टीत मी मामांच्या गावी जाऊन एका दमात सांगून टाकलं की मला वैमानिक व्हायचंय. मामा दोन दिवस मेंढरं घेऊन रानात जात राहिले. तिसऱ्या दिवशी मेंढरांमागं चालता चालता त्यांनी विचारलं, हे शिकवतात कुठं?

माझ्याकडे तीन ठिकाणची माहितीपत्रकं होती. वसतिगृहाच्या पत्त्यावर मागवून ठेवलेली. एक मुंबईचं, एक दक्षिणेतल्या एका संस्थानातलं आणि एक पुण्यापलीकडच्या माळावर लढाईतून परतलेल्या एका कप्तानानं नुकत्याच काढलेल्या शाळेचं. मी हिशेब करून ठेवला होता. संस्थानाची फी सगळ्यांत कमी, म्हणजे तिथंच जायचं. मामांनी तिन्ही कागद माझ्याकडून वाचून घेतले, दोनदा, आणि परत दिले. म्हणाले, "कागुद वाचून बैल घेतलेला माणूस तुला ठावं हाय का रं? मला न्हाई. जाऊन बगू."

असे आम्ही दोघं निघालो. पटका, घोंगडं, खांद्यावर उपरणं आणि भाकरीचं गठुडं घेतलेले मामा, आणि त्यांच्यापासून चार पावलं अंतर ठेवून चालणारा विजारीतला मी. हे अंतर मी मुद्दाम ठेवत होतो. आज लिहिताना लाज वाटते.

मुंबईला समुद्राकाठच्या विमानांच्या मैदानाबाहेर मामा सकाळी कुंपणाला टेकून बसले ते ऊन कलल्यावर उठले. मी आत जाऊन साहेबाला भेटून आलो, छापील अर्ज घेऊन आलो. मामांनी अर्जाकडे बघितलं नाही. म्हणाले, "इमानं चार, पोरं चाळीस. एक पोरगं दिसभर बसून चहाच प्यालं, त्येचा नंबर लागला न्हाई. तुझा कवा लागायचा? आन् तवर हितं खायाचं काय?" तासाची फी मला पाठ होती; नंबर लागेपर्यंत मुंबईत राहण्याचा खर्च किती, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. संस्थानात तर आम्ही अर्धा तासही थांबलो नाही. तिथं सहा चकचकीत विमानं रांगेत उभी होती आणि कारकून फार गोड बोलत होता. मामांनी मला बाजूला घेऊन एका विमानाचं चाक दाखवलं. चाकाच्या आऱ्यांमधून गवत वर आलं होतं, त्याला तुरा धरला होता. किती दिवस ते विमान हललं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांत स्वस्त म्हणून मी तेच निवडलं होतं.

पुण्यापलीकडच्या शाळेत दोनच विमानं होती, तीही ठिगळ लावलेली. पोरं आठ, पण एक विमान उतरलं की दुसरं चढत होतं. उतरलेलं विमान पोरंच पुसत होती. कप्तान मंगळूरकडचा, काळासावळा, एक पाय किंचित ओढून चालणारा. लढाईत मराठा पोरांबरोबर राहून मराठी शिकला होता. प्रत्येक विमान चढण्याआधी तो स्वतः त्याच्याभोवती एक फेरी घालायचा आणि पंखावरून हात फिरवायचा. ते पाहिलं आणि मामा उठलेच. फी छापलेली होती तीन हजार. मामा सरळ कप्तानाच्या पुढ्यात गेले, त्याचा हात धरला, वरून उपरणं टाकलं आणि बोटं दाबली. कप्तान क्षणभर गोंधळला. मग मोठ्यानं हसला आणि मामांचा हात घट्ट धरून दोनदा हलवला. मामांनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी विचारलं, काय ठरलं? मामा म्हणाले, जनावर दावणीला येईपर्यंत भाव सांगायचा नसतो. मला वाटलं, नुसती ओळख झाली. फी तर छापलेलीच आहे.

दोन महिन्यांत मामांनी पैसे उभे केले. वीस मेंढरं गेली. आईच्या पाटल्या गेल्या. शेवटी हरण्या आणि त्याचा जोडीदार गेले. गिऱ्हाईक हरण्याला घेऊन निघालं तेव्हा मामा घरात बसून राहिले, बाहेर आले नाहीत, असं मामीनं मला नंतर सांगितलं. गिऱ्हाइकानं कासरा ओढला, पण हरण्या जागचा हलेना. विमानाला न बुजलेला बैल तो. मामीनं जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा चालू लागला.

प्रवेशाच्या दिवशी मामांनी कमरेचा पैशाचा कसा सोडून कारकुनापुढं रक्कम ठेवली. त्यानं मोजली आणि म्हणाला, पाचशे कमी आहेत. मामा शांतपणे म्हणाले की सौदा अडीचला झालाय, साहेबांना विचारा. कप्तान आला. त्याला काही उमजेना. मामांनी त्याला सांगितलं की मी तुमची दोन बोटं दाबली, दोन हजार. तुम्ही माझा सगळा पंजा धरलात, पाचशे वर. असे अडीच. कप्तान ओशाळून म्हणाला, "काका, मी फक्त हात मिळवला. आमच्यात तसाच मिळवतात."

मामांनी आपला तळवा उलटून बघितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात चुकला होता, आणि तोही भाच्याच्या सौद्यात. मग म्हणाले, "तुमची चूक न्हाई, सायेब. तुमी हात दिला, म्या भाव धरला." आणि नोटा गोळा करायला लागले.

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो राग. कारकून हसत होता, खिडकीतून पोरं बघत होती आणि माझं विमान पाचशे रुपयांसाठी हातचं चाललं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तोंडानं इचारायला काय झालं हुतं तुमास्नी? हा काय बैलबाजार हाय?" मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. कसा कमरेला बांधला आणि फाटकाकडे चालू लागले.

कप्तान पाय ओढत त्यांच्यामागं गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्यानं स्वतःच मामांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं, त्यांचा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं, एवढं दिसलं. मी जवळ पोचलो तेव्हा तो विचारत होता, "आधी दोन, मग पंजा. बरोबर? आता झाला सौदा." मामा म्हणत होते की यात तुमचं नुकसान आहे. कप्तान म्हणाला, पोरगं दोन वर्षं माझी विमानं धुईल, मी वसूल करीन. मी धुतलीही. दोन वर्षं, रोज.

मी शिकलो, परवाने मिळवले, मुंबईच्या एका कंपनीत उपवैमानिक म्हणून लागलो. पण त्या दिवसानंतर मामा भाव तोंडानं विचारायला लागले. भाजीचा, मिठाचा, सगळ्याचा. आईनं पत्रात लिहिलं की दादा आता भाकरी किती ते तोंडानं सांगतो, मला बाई ते बरं वाटत नाही. पुढच्या पत्रात लिहिलं की कृष्णाकाठची माणसं बोलवायला आली होती, पण माझा हात आता खरा राहिला नाही म्हणून त्यानं परत पाठवलं. माझ्या एका वाक्यानं हे झालं होतं. पत्र लिहून माफी मागावी असं शंभरदा मनात आलं, पण मामांना पत्र वाचून दाखवणार पोस्टमन, सगळ्या गावादेखत. मी सुट्टीची वाट बघत राहिलो आणि नव्या नोकरीत सुट्टी मिळत नव्हती.

बंगळूरला जाणारं आमचं विमान कराडवरून जायचं. खाली कृष्णा-कोयनेचा संगम दिसायचा आणि डावीकडे लांबवर माणचे बोडके डोंगर. प्रत्येक खेपेला मी तिकडे बघायचो. वर गेल्यावर मला खाली बघायची सवय लागली होती. मी आईला वार आणि वेळ कळवली होती. तिनं ती मामांना सांगितली, आणि मामा माणहून दोन दिवसांचा प्रवास करून संगमावर येऊन बसले. विमान गेलं. आईनं विचारलं, दिसला का दत्तू? तर म्हणाले, "इमान दिसलं. पाण्यावरची जनावरं बुजली न्हाईत. पोरगं नीट चालवतंय."

पुढच्याच उन्हाळ्यात मामांनी अंथरूण धरल्याची तार आली. मी पोचलो तेव्हा दुपार होती. मामा ओसरीवर घोंगडं पांघरून पडले होते, ओळखू येऊ नयेत इतके वाळले होते. मामीनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की दत्तू आलाय. मी जवळ बसलो. इतके दिवस घोकून ठेवलेली माफी तोंडात आली आणि तिथंच अडकली. मामांनी घोंगड्याखाली चाचपडत माझा हात शोधला आणि सगळा पंजा धरला. घट्ट धरला. त्या अंगात एवढा जोर कुठून आला होता, कोण जाणे.

सगळा पंजा म्हणजे पाच. त्यांना काहीतरी मागायचंय, कुणाचं तरी काही द्यायचं राहिलंय, असं मला वाटलं. मी वाकून विचारलं, "पाच काय, मामा? काय पायजे तुमास्नी?"

मामांच्या ओठांवर हसू आलं.

"भाव न्हाई, गड्या," ते म्हणाले. "नुस्ता हात हाय."

ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत मी तो हात सोडला नाही.