काकूंच्या फ्रिजमधलं किट

तेव्हा मी विचुंब्यात राहत होते आणि तळोज्याच्या बाजूला एका लहान प्रयोगशाळेत नोकरी करत होते. आमच्याकडे डुकरांच्या रक्ताचे नमुने यायचे. डुकराचं शरीर आतून बरंचसं माणसासारखं चालतं, म्हणून नवीन औषधं आधी त्यांना देऊन बघतात. पेशींना बाहेरचा निरोप पकडून देणारी काही प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. औषध दिल्यावर रक्तात ती किती सापडतात, हे मोजणं माझं काम. त्यासाठी लागणारं किट परदेशातून यायचं. लहान लहान खळग्यांची एक प्लेट आणि चार-सहा बाटल्या. ते थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही.

आधीचं किट प्रयोगशाळेच्या गेटवर उन्हात पडून वाया गेलं होतं. म्हणून या वेळी मीच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना म्हटलं, "माझ्या घरी मागवू या. शनिवारी मी घरीच असते."

कुरिअर आलं ते शुक्रवारी. कामाच्या वेळेत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे, त्यामुळे संध्याकाळी मिस्ड कॉल दिसले. मी लगेच फोन लावला.

"मॅडम, घर बंद होतं. खाली कुणाकडे तरी दिलं."

"कुणाकडे?"

"ते आता नाही आठवत."

मे महिना होता. आमची बिल्डिंग नवी, निम्मे फ्लॅट रिकामे, माझी कुणाशी ओळख नाही. मी रिक्षा करून घराकडे निघाले. नमुने इतके थोडे होते की चाचणी एकदाच करता येणार होती, आणि दुसरं किट यायचं म्हणजे पुन्हा कित्येक आठवडे वाट बघणं.

पहिल्या मजल्यावर दोन दारं वाजवली. तिथे काहीच नव्हतं. तळमजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले एक काका आणि काकू राहायचे. जाता-येता हसण्यापुरती ओळख. काकूंनी दार उघडलं.

"अगं, ते खोकं तुझं होय! ये, ये."

"कुठे ठेवलंय, काकू?"

"फ्रिजमध्ये."

"बर्फाच्या कप्प्यात नाही ना?"

"नाही गं, खाली. ह्यांनी वाचलं ना वरचं सगळं."

त्यांनी फ्रिज उघडला. आत फक्त माझं खोकं. दूध, दही, कोथिंबीर, भिजवलेली कणीक सगळं ओट्यावर मांडलेलं, आणि पातेल्यातलं दूध नासलेलं.

"खोक्यावर पिग लिहिलंय म्हणाले हे," काकू जरा संकोचून म्हणाल्या. "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. नैवेद्याचं दूध होतं आत. मग मी आपलं सगळं बाहेर काढलं."

"अहो, मग खोकंच बाहेर ठेवायचं!"

"उन्हाळ्याचं? तुझं खराब झालं असतं की."

यात डुक्कर नाही, डुकराच्या रक्तातलं मोजायची रसायनं आहेत, असं मी समजावून सांगितलं. आतून काका ओरडले, "मी हेच सांगत होतो हिला दुपारपासून!" काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि ओल्या फडक्याने फ्रिज पुसायला घेतला. मी दुधाची पिशवी आणून दिली, तर रागावल्याच.

तरी वाटेत किट तापलं नसेल कशावरून, ही धाकधूक राहिलीच. दोन दिवस ते माझ्या फ्रिजमध्ये होतं. सोमवारी प्लेट लावली. शेवटचं द्रावण घातलं आणि बघत बसले. आधी काहीच नाही. मग ज्या खळग्यांत प्रथिनाचं प्रमाण आधीच ठाऊक असतं, त्यातल्या पहिल्यात निळी झाक आली. ती गडद झाली, आणि पुढच्या खळग्यांत पायरीपायरीने फिकी होत गेली. अगदी जशी यायला हवी तशी, म्हणजे किट शाबूत होतं. त्यानंतर नमुन्यांनीही रंग धरला.

मी सरांना हाक मारली. ते वाकून पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

खाल्लं नव्हतं. प्लेट रंग मोजणाऱ्या मशीनमध्ये सरकवली आणि कँटीनमध्ये जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले.