देवाच्या पाटाखालचा कागद

येरमाळ्याच्या माझ्या आत्याच्या नावावर सोलापूरच्या एका गिरणीचे थोडे शेअर होते. नवरा मागे ठेवून गेला ते एवढेच. नफा वाटताना गिरणी आधीच कर कापून घेई. आत्याची मिळकत कर भरण्याइतकी नव्हती, म्हणून अर्ज केला की सरकार ते पैसे परत करी. त्या पैशांतून तिला सोलापुरात मोतीबिंदू काढून घ्यायचा होता.

पहिल्या वर्षी परताव्याचा कागद रजिस्टरनं आला, तो तिच्या थोरल्या दिरांनी सही करून घेतला. दीर निजामी अमलात कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे अंमलदार होते. अंमल गेला, डोक्यावरचा रुमाल राहिला. त्यांनी कागद ‘हिफाजतीनं’ लोखंडी पेटीत ठेवला. इतक्या हिफाजतीनं, की तो सापडला तेव्हा वटवायची मुदत उलटून गेली होती.

मी कळंबला शाळामास्तर; पुढच्या वर्षी रजिस्टर आलं तेव्हा सुट्टीत तिथंच होतो. पोस्टमन दारात अडखळला.

“बाईमाणसाच्या हातात कसं द्यावं, मास्तर? घरात मोठं माणूस हाय की.”

आतून आत्या म्हणाली, “सही माझी लागती का रुमालाची? आण इकडं.”

तिनं चाचपडत सही केली आणि कागद देवाच्या पाटाखाली सारला. “इथं कुणी हात लावत न्हाय.”

माझा देवावर फारसा भरवसा नव्हता, पण जागा मला पसंत पडली. दीर सोवळ्याशिवाय देवाला शिवत नसत, आणि सोवळं नेसायचा त्यांना कंटाळा होता. मी निर्धास्त कळंबला शाळेवर गेलो.

महिन्याभरानं आम्ही दोघं उस्मानाबादच्या ट्रेझरीत गेलो. कारकुनानं कागद उजेडाकडे धरला. आत्या रोज देवांना न्हाऊ घालायची. पाणी पाटाच्या फटीतून खाली झिरपत होतं, ते तिला दिसलं नव्हतं. रक्कम पार विरघळली होती.

“मावशी, हा कागद हाय का तीर्थ?”

आत्या हसली नाही. “मग डोळ्याचं कसं?” एवढंच मला म्हणाली.

दुसरा कागद मिळत होता, पण पहिला वटवलेला नाही अशी हमी कुणा वजनदार माणसानं लिहून द्यायला हवी होती. शाळामास्तराचं वजन कारकुनाला पुरेना. जुने पेशकार मात्र त्याला ठाऊक होते.

दीर रुमाल बांधून आले. हमीपत्रावर त्यांनी अशी ऐसपैस सही ठोकली, की शिक्क्याला जागा उरेना. पुढं नवा कागद आला तेव्हा ओट्यावर तेच बसले होते. पोस्टमननं सवयीनं पेन्सिल पुढं केली.

“आत जा,” ते म्हणाले. “सही त्यांची लागते.”

या वेळी आम्ही कागद कुठंच जपला नाही; दुसऱ्याच दिवशी वटवला.

थंडीत आत्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी आली, हातपाय धुऊन देवापुढं बसली आणि पाट उचलून बघत राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “केवढं पाणी साचतंय इथं!”