कथेत घागर भरलेली होती

ते पाणी माझ्यामुळं गेलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर घरातलं कुणीतरी मध्येच बोलेल.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. उदगीरकडच्या आमच्या गावात टँकर चार दिवसांनी यायचा, आमच्या बौद्ध वस्तीत सगळ्यात शेवटी. घरात बहीण आठ दिवसांची बाळंतीण. तिच्या अंघोळीसाठी आईनं दारातल्या पिंपात पाणी राखून ठेवलं होतं. आम्ही बाकीचे ओल्या फडक्यावर भागवत होतो.

अशात पुण्याहून सिनेमा शिकणारा एक तरुण आला. आज तो मोठा दिग्दर्शक आहे. तेव्हा परीक्षेसाठी पंधरा मिनिटांचा सिनेमा करत होता. त्यानं निवडलेली कथा माझ्या बी.ए.च्या पुस्तकात होती: विहिरीवर ताटकळलेली बाई शेवटी मिळालेली घागर पाटलाच्या दारातच उपडी करते. वस्तीत ती वाचलेला मी एकटाच, त्यामुळं माझी मान चार बोटं वर.

त्यानं शहाण्यासारखं ठरवलं होतं: घागर रिकामीच उलटवायची, पाण्याचा आवाज नंतर भरायचा. मीच म्हणालो, "कथेत घागर भरलेली आहे. रिकामी उलटवली तर राहिलं काय त्यात?"

"पाणी कुठून आणणार?" त्यानं विचारलं.

"आमच्या पिंपात आहे की."

साहित्याची अशी सेवा आजवर कुणी केली नसेल.

आई सरपणाला गेली होती. पहिल्यांदा त्याच्याबरोबर आलेल्या नटीचा हात चुकला. दुसऱ्यांदा सूर्यापुढं ढग आला. दोन वर्षं कुठं होता कोण जाणे. जमीन ओली झाली, की कॅमेरा शेजारच्या कोरड्या दारापुढं. पाचवी घागर भरताना पिंपाचा तळ खरवडला. तेव्हा मला बहीण आठवली. तरी गप्पच बसलो. कॅमेरा चालू होता ना.

तेवढ्यात आई आली. मोळी टाकून थेट कॅमेऱ्यापुढं गेली आणि नटीच्या हातातली घागर हिसकावली. अर्धी तिथंच सांडली.

"लेक बाळंतीण हाय माझी. तिला काय ह्या चिखलानं न्हाऊ घालू? भरून दे पानी. आत्ताच्या आत्ता भरून दे."

तो "कट" म्हणाला. चेहरा नुसता खुलला होता त्याचा.

पाणी मग मी आणलं. सायकलला दोन घागरी अडकवून एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. तिथं आमचा दोर चालत नसे. घागर खाली ठेवायची आणि कुणी वरून ओतेपर्यंत बाजूला उभं राहायचं. दुपार गेली. कथेतली बाई उभी राहते तेवढा वेळ मी उभा राहिलो. उपडी करायची हिंमत मात्र पुस्तकातच राहिली.

परवा लातुरात त्याचा सत्कार झाला, तोच सिनेमा दाखवला. आईला घेऊन गेलो. शेवटच्या दृश्यात आई. तिचं तोंड हलतंय आणि वर बासरी. शब्द एक नाही. श्रेयनामावलीत साधं "गावातली बाई" एवढंही नाही. व्यासपीठावरून तो सांगत होता, "कधी कॅमेरा न पाहिलेल्या बाईकडून मी तो संताप करून घेतला." टाळ्या.

आई मला म्हणाली, "भरून दे म्हनले होते, ते कुठं गेलं रे?"

बाहेर त्याच्याभोवती घोळका होता. आईनं काठीनं वाट काढली. "माझ्या लेकीचं पानी राहिलंय तुझ्याकडं," ती म्हणाली.

तो वाकून तिच्या पाया पडला. "आशीर्वाद असू द्या, आजी." फोटो निघाला आणि पुढचा माणूस पुढं झाला.

तिथं बोलायला मी होतो. कथा वाचलेला. इतकी वर्षं हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगणारा. बोललोही.

"आई, पायरी बघून."

तिनं माझा हात झटकला आणि एकटीच उतरली.