सुकलेला बोळा

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोलेही नाही. काय सांगू तिले, डोंगळे मेले म्हणून? हसलीच असती. तुम्हीही हसा, पण आयका.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्याची गोष्ट. भंडाऱ्याले एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा शिपाई. आमचे सर अड्याळकडच्या शेतांच्या धुऱ्यांवर उकिडवे बसून काळ्या डोंगळ्यांचं आख्खं घर खोदून आणत, राणीसकट. बाकीचे मास्तर त्यायले 'डोंगळेसर' म्हणत. सरनं एकाच घरातले डोंगळे दोन काचपेट्यांत वेगळे केले — राणी एकीकडे — अन् एकेकाच्या पाठीवर पांढरा ठिपका देला. चार महिन्यांनी पेट्या जोडायच्या होत्या. "आपलं आपल्याले वळखते रे, पाहाशील तू," म्हणत. त्या माणसाची सारी उमेद त्या दोन पेट्यांत होती.

मे महिन्यात सर पेपर तपासाले नागपूरले गेले. मले एकच काम — पेट्यांतला कापसाचा बोळा रोज ओला करायचा, तेच डोंगळ्यायचं पाणी. अन् मी? साळीच्या लग्नाले सासुरवाडीले, बपेऱ्याले गेलो. एक दिवस म्हणून गेलो, चार दिवस राह्यलो. जाताना राणीचा बोळा चिंब भिजवला. दुसरा? राहूनच गेला. आलो तं त्या पेटीतले सारे सुकल्या बोळ्याभोवती मरून पडले होते.

तेव्हाच सांगाले पाह्यजे होतं — नाही का? मी गावाबाहेरच्या धुऱ्यावरून दुसऱ्याच घरातले डोंगळे धरून आणले. गवताच्या काडीनं एकेकाच्या पाठीवर पांढरा ठिपका देला. दोन दिवस लागले. इतकं मन लावून काम मी जन्मात केलं नव्हतं!

चार महिने भरले तसं सरनं साऱ्या मास्तरांयले बोलावून पेट्या जोडल्या. अर्ध्या घंट्यात नुसते तुटलेले पाय अन् मुंडकी. मास्तर हसत निघून गेले. सर वाकून पाहतच राह्यले.

"काहून लढून राह्यले रे हे? सख्खे होत ना?"

मले माहीत होतं काहून. "मले काय समजते, सर," म्हटलं.

त्यानंतर सर धुऱ्यावर कधी गेले नाही. डोंगळ्यांच्या नोंदींची वही तिथंच थांबली. आपल्या निवृत्तीच्या दिवशी साऱ्यांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "डोंगळे विसरले, पण या माणसानं एक दिवस बोळा सुकू देला नाही." टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. त्याच साली सर गेले — तेच खरं मानून गेले.

बायको अंगणात मुंग्यायले पीठ-साखर टाकते. पुण्य लागते म्हणते, मलेही पिठाचा डबा देते. मी हात पुढं करत नाही.