खडकावरचं ऊन

तापलेल्या दगडाला स्वतःचा एक गंध असतो. चैत्रातल्या दुपारी व्हाइटफील्डच्या आमच्या इमारतींमागे जो विस्तीर्ण खडक पसरला आहे, त्याच्याजवळ उभं राहिलं की तो कोरडा, किंचित धुरकट गंध नाकाशी येतो आणि मन उगाचच गंभीर होतं. केवढा पुरातन हा पाषाण! भोवती काचेची कार्यालयं उभी राहिली, तळी आक्रसली, आणि हा मात्र आपली करडी पाठ उन्हाला देऊन निश्चल पडून राहिला.

या खडकाचा एक जुना रहिवासी होता, एक सरडा. इथले लोक त्याला कानडीत ओतीक्यात म्हणतात. एरवी मातकट दिसणारा हा जीव विणीच्या दिवसांत शेंदरी पाठ आणि काळ्याभोर कुशी मिरवत खडकाच्या माथ्यावर चढे आणि ऐटीत मान वरखाली करी. शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणून हिणवतो. पण हा बिचारा रंग बदलतो तो लपण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी! माणसांपैकी किती जणांना हे धैर्य असतं?

त्याचे एकनिष्ठ प्रेक्षक म्हणजे आमच्या शेजारचे माधवअण्णा. रोज सकाळी ते खडकावर येऊन बसत, डोक्याला टोपीसुद्धा नसे. ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने, शांताक्कांनी, रक्षा नदीत न सोडता मातीत मिसळून तिच्यावर पारिजातक लावायचं ठरवलं. आपल्याकडे पुष्कळ घरांत आता ही रीत रुजली आहे, आणि ती सुंदरच आहे. जागा अर्थातच अण्णांचा खडक. पण उघड्या दगडावर झाड जगणार कसं? म्हणून सोसायटीने ट्रक भरभरून माती आणून ओतली. मग सगळ्यांनाच हुरूप आला. पारिजातकाशेजारी कडुनिंब आले, बांबू आले, हिरवळ आली. बोडका खडक हिरवागार झाला आणि आम्ही सारे पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात आपापल्या घरी परतलो. त्या मातीखाली खडकाच्या भेगा बुजल्या, वर सावली दाटली, आणि शेंदरी पाठ दिसेनाशी झाली.

हे कळलं ते रेवतीमुळे. मूळची नागपूरची ही मुलगी सरड्यांचा अभ्यास करते. आमच्याच इमारतीत राहायला आली आणि सोसायटीच्या बैठकीत उभी राहून शांतपणे म्हणाली, "इथल्या सरड्याला झाडं नकोत. तापलेला, उघडा दगड हवा. शहरात असे खडक फोडले जातायत, उरलेले आपण झाकतोय. माती काढली तर पलीकडच्या टेकाडावरून तो परत येऊ शकेल." सभेत हशा पिकला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कुणीतरी म्हणालं. पण हसू लगेच विरलं, कारण सर्वांच्या नजरा शांताक्कांकडे गेल्या होत्या. ती नुसती माती नव्हती. मला तर रेवतीचा रागच आला. एका सरड्यासाठी एका विधवेची एवढीशी ठेव उकरायची?

शांताक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, मराठी कानडीत मुरलेली. अखेर त्या म्हणाल्या, "स्वल्प थांबा गं. यांना सावली कधी आवडली? छत्री दिली तर चिडायचे. आणि मी बघ, त्यांच्यावरच झाड लावून बसले." मग कुणाकडेही न पाहता होकार देत म्हणाल्या, "सरी. काढा माती."

पहिलं घमेलं त्यांनी स्वतः उचललं. ती माती त्यांनी फाटकाजवळच्या वाफ्यात पसरली आणि पारिजातकही तिथेच हलवला. तो जगला नाही. पानं आधी कोमेजली, मग गळली, आणि शांताक्का रोज सकाळी त्या काटकीला पाणी घालत राहिल्या. ते पाहवत नसे. संवर्धन हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! कुणीतरी आपलं काही सोडल्याखेरीज दुसऱ्या कुणाला जागा मिळत नाही, हे त्या शब्दात कुठे ऐकू येतं?

बाकीची झाडं आणि माती सोसायटीने हलवली, आणि पावसाने खडक धुऊन निघाला. हिवाळा कोरडाच गेला. यंदाच्या चैत्रात एका सकाळी रेवतीने शांताक्कांना आणि मला, आम्हा दोघींना, हाका मारल्या. माथ्यावर तो होता. शेंदरी, काळा, तापू लागलेल्या दगडाला पोट टेकून मान हलवणारा. खालच्या भेगेपाशी एक मातकट मादीही होती. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. शांताक्का मात्र एकटक त्याच्याकडे पाहत होत्या.

मी भीत भीत विचारलं, "अक्का, अण्णांच्या नावाने दुसरीकडे एखादं रोप लावूया का?"

त्यांनी मान हलवली. "नको गं. हे बरं आहे."

सूर्य आमच्या पाठीशी होता. शांताक्कांची सावली लांबत खडकावर, त्या सरड्याच्या अगदी जवळ पडली होती. त्यांच्या ते ध्यानात आलं, आणि पदर सावरत त्या हळूच बाजूला सरकल्या.