ठणठणीत कान

त्याला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. आवाजच तसा होता. गल्लीच्या एका टोकाला उभं राहून त्यानं हाक मारली की दुसऱ्या टोकाचा माणूस हातोडा खाली ठेवून वळून बघायचा. आणि त्या गल्लीत कुणाला असं वळायला लावणं ही सोपी गोष्ट नव्हती.

गल्ली पत्रेवाल्यांची. दोन्ही बाजूंना खाली दुकान, वर घर, अशी एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं. दुकानांत पत्र्याच्या पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या, धुराडी बनायची. सकाळी शटर वर गेलं की हातोडे सुरू व्हायचे, ते दिवे लागेपर्यंत. मधोमध प्रेसवाल्याचं दुकान. डब्यांची झाकणं दाबणारं मोठं यंत्र त्याच्याकडे होतं, आणि त्याचा दणका बसला की समोरच्या घरातल्या फळीवरचे पेले जागचे हलायचे.

अशा ठिकाणी माणसं बोलणार काय? ती खुणा करायची. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा. मनगटावर बोट आपटलं म्हणजे उशीर. नाक चिमटीत धरलं म्हणजे गिऱ्हाईक चिकट आहे, सांभाळून. बोलायचंच झालं तर एकेक शब्द, तोही ओरडून. 'घे.' 'दे.' 'सरक.' याचा एक फायदाही होता. नवराबायकोचं भांडण कधी उंबऱ्याबाहेर जात नसे.

चाळिशी गाठायच्या आतच बहुतेकांचे कान जायचे, पण त्याचं कुणाला दुःख नव्हतं. पोराचे कान बसायला लागले की आता याचा हात बसला, असंच समजायची तिथली माणसं. भोंग्याचे कान तर केव्हाच बसले होते. तो समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर त्यालाच दरडावायचा, "नीट बोलावं की माणसानं!" त्याच्या बायकोचं डोकं बारा महिने ठणकायचं. रक्तदाबाची गोळी उशाशी असायची. पण ते गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं होतं, त्यामुळे ते कुणाला दुखणं वाटत नसे. वय झालं, एवढंच वाटायचं.

ढब्बू म्हणजे भोंग्याची नात. गुबगुबीत गालांवरून पडलेलं नाव. तिसरं वर्ष सरलं तरी पोरगी बोलेना. हसायची, रुसायची, हवं ते बोट दाखवून मागायची. चहाची खूण तर अशी झोकात करायची की दुकानातले कारागीर पोट धरून हसायचे. पण शब्द म्हणाल तर एक नाही.

"बोलेल हळूहळू," भोंगा म्हणायचा. "आमचा हासुद्धा उशिराच बोलला." हा म्हणजे त्याचा मुलगा, ढब्बूचा बाप. तो आता दुकान बघायचा, आणि अजूनही गरजेपुरतंच बोलायचा.

मग बालवाडीच्या बाईंनी सुनेला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या गल्लीतली मुलं मागेच असतात बोलण्यात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. वाचायला शिकतानाही अडखळतात. पण ही तर अगदीच गप्प आहे. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या गल्लीत कुजबुज करायची सोयच नव्हती, म्हणून लोकांनी खूण शोधली. ढब्बू दारात दिसली की दोन बोटं ओठांवर आडवी. मुकी. एकदा ती खूण भोंग्यानं पाहिली. करणारा ओशाळून कोठीआड वाकला. भोंगा तसाच वर गेला आणि सुनेला म्हणाला, "चल, दवाखान्यात मीपण येतो."

दवाखान्यात जाड भिंतींची, आतून मऊ अस्तर लावलेली एक छोटी खोली होती. ढब्बू काही एकटी आत जाईना. आजोबांच्या सदऱ्याला लोंबकळून राहिली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यालाच तिला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं आणि दार लावून त्या काचेपलीकडे गेल्या.

भोंगा वाट बघत बसला. ढब्बू मात्र आल्याआल्या खेळात रमली. एकदम डावीकडे बघायची, मग उजवीकडे. मधेच डोळे मोठे करायची, पुन्हा डावीकडे. झाडावर बसलेलं पाखरू मान वेळावतं तशी. त्यानं तिला दोनदा दटावलं, "नीट बस, आता सुरू करतील."

दार उघडलं, तसा तो ढब्बूला घेऊन बाहेर सुनेजवळ आला. तो म्हणाला, "कधी सुरू करताय?"

"झाली की तपासणी."

"अहो, पण आवाज तर आलाच नाही. ती आपली उगाच मान फिरवत होती."

डॉक्टरीणबाई मग त्याच्या समोर आल्या आणि ओठ नीट दिसतील अशा बेतानं सावकाश म्हणाल्या, "आवाज आले होते, आजोबा. तिनं सगळे ऐकले. अगदी बारीकसुद्धा. तिचे कान ठणठणीत आहेत."

भोंगा तिथल्या खुर्चीत टेकला. आपल्याला कमी ऐकू येतं हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण कमी म्हणजे किती, ते आज त्यानं नातीच्या मानेवर पाहिलं होतं. त्याच्याच मांडीवर बसून ती एका भरल्या जगात होती, आणि तो रिकाम्या खोलीत.

"मग बोलत का नाही?" त्यानं विचारलं, नेहमीच्याच आवाजात. बाहेरच्या बाकावरची माणसं दचकली.

"घरात तिच्याशी बोलतं कोण?"

भोंग्यानं सुनेकडे पाहिलं. ती परगावची. पेट्यांवर फुलं-वेली रंगवायचं काम तिच्याकडे होतं. हात गोड होता, कामाला वाघ होती, आणि अबोल होती. निदान घरात सगळे तसंच म्हणायचे. आता ती बोलू लागली.

"मी बोलायचे हो. लग्न होऊन आले तेव्हा माझं तोंड बंद नसायचं. पण इथे प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगायची, आणि वर 'काय म्हणालीस?' आहेच. साधी गंमत कुणाला ओरडून सांगता येते का? ओरडून सांगितली की ती गंमतच राहत नाही. मग सोडून दिलं. हिच्याशी बोलायचे मी, तान्ही होती तेव्हा. कानाशी तोंड नेऊन. तेवढ्यात समोरचा दणका बसायचा आणि ही किंचाळून रडायची. मग म्हटलं, नकोच ते."

भोंग्याला त्यातलं निम्मं कळलं. निम्मं पुरेसं होतं. इतक्या वर्षांत सुनेचे ओठ एवढा वेळ हलताना त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरीला औषध काही नाही. रोज थोडा वेळ शांतता, आणि तिच्याशी गप्पा मारणारं माणूस, एवढंच लागेल. आणि घरातल्या मोठ्यांनाही ती शांतता लागतेच. डोकेदुखी, रक्तदाब, झोप न लागणं, सगळं एकाच माळेचं आहे. तुमचे कान मात्र आता परत यायचे नाहीत, आजोबा. यंत्र देऊ शकते, थोडा फरक पडेल."

"माझं राहू द्या आधी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलानं हातोडा उचलला, तो भोंग्यानं त्याच्या हातातून काढून घेतला.

"दुपारी ठोकायचं नाही आजपासून."

"काय?"

"ठोकायचं नाही!"

मुलगा आधी हसला. मग बापाचा चेहरा बघून हसू विरलं. "बाबा, दुकान बंद ठेवायचं? लहानपणी ताप अंगात असतानाही तुम्ही मला कधी थांबू दिलं नाहीत, आणि आता हे?"

ते खरंच होतं, आणि भोंग्याला लागलंही. पण त्यानं ते गिळलं. "काम करू नको नाही म्हणत. ठोकू नको म्हणतो. ठोकाठोकी सकाळी आणि चहानंतर. मधल्या वेळात आखणी कर, काप, डाग देऊन सांधे जोड, रंगकाम उरक. बिनआवाजाचं सगळं मधे घे."

पहिले काही दिवस सगळा सावळा गोंधळ. कापलेले पत्रे साठून राहायचे, ठोकायला घेतलेली कोठी अर्धवट पडायची, कारागीर वैतागायचे. पण पुढे पुढे घडी बसली. मुलानंच एकदा कबूल केलं की दुपारी कापलेला पत्रा कमी वाया जातो. डोकं ठिकाणावर असतं.

पण एका दुकानाच्या गप्प बसण्यानं काय होणार? शेजारपाजारचे हातोडे चालूच होते. भोंग्यानं वरची मागची खोली रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या, खिडकीत चिंध्या भरलेली पोती कोंबली. मग तो दुकानोदुकानी फिरला. शांत राहा, हे तो इतक्या मोठ्यानं सांगत होता की लोकांना आधी वाटलं, कुठे आग लागली. काहींनी वेड्यात काढलं. काहींना ती मधल्या वेळेची युक्ती पटली, त्यांनी करून पाहिली. एक पेटीवाला तर आठवड्यातच तक्रार घेऊन आला, "तुझ्या शांततेचं काय करू? आमची ही माझ्या आईबद्दल काय बोलते ते आता चार घरांना ऐकू जातं!"

"तुला गेलं का ऐकू?"

"मला कुठलं! शेजाऱ्यानं सांगितलं."

प्रेसवाला तेवढा बधेना. तो भोंग्याच्याच वयाचा, दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. त्यानं प्रेस चालूच ठेवलं आणि भोंग्याच्या कानाशी तोंड आणून ओरडला, "अरे, जन्मभर या गल्लीत सगळ्यात जास्त ठणठण तू केलीस. आणि आता आम्हाला अक्कल शिकवतोस?"

"म्हणूनच सांगतोय."

"काय?"

"म्हणूनच सांगतोय रे बाबा!"

प्रेसवाल्यानं हात झटकला आणि पाठ फिरवली. भोंगा तसाच परत आला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. त्यानं आयुष्यात बरीच भांडणं जिंकली होती, ती सगळी आवाजाच्या जोरावर. इथे तो जोर चालत नव्हता.

मागच्या खोलीत मात्र रोज दुपारी सून आणि ढब्बू जाऊन बसायच्या. सून बोलायची. आधी अवघडून, मग मोकळी होत. पत्र्याबद्दल, मांजराबद्दल, आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल. दणका यायचाच, पण गाद्यांमधून दबून यायचा. ढब्बू दचकायची, पण रडायची नाही. हळूहळू गल्लीतल्या दुसऱ्या आयाही लेकरं घेऊन यायला लागल्या. त्यांनाही बोलायचं होतं, कित्येक वर्षांचं साचलेलं. भोंग्याची बायको भिंतीला टेकून बसायची आणि हसता हसता तिचा डोळा लागायचा.

एक दिवस प्रेसवाला काहीतरी विचारायला आला आणि खाली भोंगा दिसेना म्हणून जिना चढून वर गेला. दारातच थबकला. आत बायका-पोरांची गर्दी, आणि त्यात त्याची स्वतःची सून, मांडीवर त्याचा नातू. ती त्याला कसलीशी गोष्ट सांगत होती. नातू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. सासऱ्याला पाहून ती चपापली आणि उठू लागली. त्यानं हातानंच तिला बस म्हटलं आणि आल्या पावली खाली उतरला.

भोंगा तोवर जिन्याशी येऊन उभा होता. प्रेसवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, एक बोट कानाला लावलं आणि हाताचा पंजा सावकाश खाली आणला. बस्स, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याचं प्रेस दुपारच्या चहानंतर सुरू होऊ लागलं. घाईची ऑर्डर असली की मधेच लावायचा, नाही असं नाही. पण लावायच्या आधी माणूस पाठवून सांगायचा.

ढब्बू बोलली ती पुढे काही महिन्यांनी. सून धावत खाली आली, हसतही होती, डोळेही पुसत होती. "बाबा, बोलली! ढब्बू बोलली!"

"काय म्हणाली? आई?"

"नाही हो. त्या प्रेसवाल्यांच्या नातवाला म्हणाली, 'सरक!'"

अख्खं दुकान हसलं. भोंगा वर गेला, ढब्बूसमोर बसला आणि म्हणाला, "मला सांग बघू." तिनं सांगितलं. ओठ हललेले त्यानं पाहिले. ऐकू काही आलं नाही. तो गंभीरपणे बाजूला सरकला, तशी ती टाळ्या पिटत खिदळली.

त्यानंतर त्यानं कानाचं यंत्र आणलं. त्यातून ताटल्यांचा खणखणाट यायचा, दार आपटलेलं कळायचं, पण शब्दांचा नुसता चुरा यायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. मग दुकानातल्या पोरांसाठी त्यानं कानात घालायचे बोळे आणले. दोघं-तिघं घालतात. बाकीचे खिशात ठेवतात, भोंगा दिसला की घालतात.

आता ढब्बू शाळेत जाते. तोंडाला कुलूप नाही. दुपारी शाळेतून आली की दप्तर फेकते, आजोबांची हनुवटी दोन्ही हातांनी धरून त्यांचं तोंड स्वतःकडे वळवते आणि सुरू होते. कोण कुणाशी कट्टी आहे, बाई काय म्हणाल्या, कुणाचा दात पडला. एवढ्या भरभर बोलते की ओठांवरून भोंग्याला काही पत्ता लागत नाही. ती श्वास घ्यायला थांबली की तो भुवया उंचावतो आणि जमेल तितक्या हळू आवाजात विचारतो, "मग?"

आणि ती पुढचं सांगू लागते.